लहान मुलांच्या दातांसाठी भूल: कोणत्या दाताला कोणती पद्धत आणि का

पाच वर्षांच्या मुलाच्या खालच्या दाढेवर काम करायचे असेल, तर भूल कोणत्या पद्धतीने द्यावी, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तरीही खालचा जबडा म्हटला की ब्लॉक (मुख्य नसेजवळ औषध देऊन मोठा भाग बधिर करणे) आणि वरचा म्हटला की इन्फिल्ट्रेशन (त्या दाताच्या मुळाजवळच औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणे), असे आपले हात सवयीने चालतात. मोठ्यांच्या बाबतीत ही सवय बहुतेक वेळा निभावून जाते. मुलांच्या बाबतीत मात्र जबड्याचे हाड पातळ असते, मुळे आखूड असतात, वजन कमी असते आणि भीती मोठी असते, त्यामुळे तीच सवय कधी अपुरी पडते, तर कधी गरजेपेक्षा कितीतरी जास्त भाग तासन्‌तास बधिर करून ठेवते. मुलाचे वजन, त्याचे वय, नेमका कोणता दात आणि त्या दाताचे कोणते काम, या चार गोष्टी कळल्याशिवाय पद्धत ठरवू नये, आणि ठरवताना काम वेदनेशिवाय पूर्ण होईल इतकीच, पण तितकी नक्की भूल मिळेल अशी पद्धत निवडावी, असे माझे ठाम मत आहे. हा लेख या क्षेत्रात नव्याने काम करू लागलेल्या दंतवैद्यांसाठी आहे. आपल्या मुलाला नेमके काय दिले जाते हे समजून घ्यायचे असलेल्या पालकांनाही तो वाचता यावा, असा प्रयत्न केला आहे.

पहिली पायरी: वजन आणि औषधाचा हिशेब

मूल खुर्चीत बसण्यापूर्वी त्याचे वजन काट्यावर करावे, कारण पालकांच्या लक्षात असलेले वजन अनेकदा जुने असते. लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन, हे भुलीचे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले, १९४८ पासून बाजारात आले आणि मुलांसाठी आजही पहिल्या पसंतीचे आहे. त्याच्या २ टक्के द्रावणात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम औषध असते, म्हणून १.८ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सिरिंजमध्ये बसवायच्या औषधाच्या तयार नळीत, ३६ मिलिग्रॅम भरतात. काही ठिकाणी २.२ मिलिलिटरचे कार्ट्रिज मिळते आणि त्यात ४४ मिलिग्रॅम असतात, तेव्हा 'एक कार्ट्रिज दिले' एवढेच लिहिणे पुरेसे नाही. नोंद नेहमी मिलिग्रॅममध्ये करावी.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक डेंटिस्ट्री ही संस्था लिडोकेनसाठी किलोमागे ४.४ मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरते. १५ किलोच्या मुलाला यानुसार ६६ मिलिग्रॅमच चालतात, म्हणजे १.८ मिलिलिटरची दोन कार्ट्रिजेससुद्धा पूर्ण देता येत नाहीत. एवढ्या वजनाच्या मुलाच्या तोंडातील चारही बाजूंची कामे एकाच बैठकीत उरकण्याचा मोह का टाळावा, याचे उत्तर या आकड्यात आहे. मूल स्थूल असेल तर हिशेब त्याच्या वयाला आणि उंचीला साजेशा वजनावर करावा. झोप आणणारे किंवा शांत करणारे औषध सोबत दिले असेल, तर भुलीची मात्रा आणखी कमी ठेवावी, कारण दोन्ही औषधे मिळून श्वासावर आणि शुद्धीवर परिणाम करतात.

एड्रेनालिन नसलेले ३ टक्के मेपिव्हाकेन हे भुलीचे दुसरे औषध लहान मुलांसाठी अधिक सुरक्षित आणि लवकर उतरणारे असते, अशी समजूत बरीच पसरलेली आहे. ती मला धोकादायक वाटते. या द्रावणाच्या १.८ मिलिलिटरमध्ये ५४ मिलिग्रॅम औषध असते, कमाल मर्यादा मात्र तीच किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, त्यामुळे १५ किलोच्या मुलाची मर्यादा सव्वा कार्ट्रिजच्या आतच संपते. एड्रेनालिन रक्तवाहिन्या आकुंचित करून औषध जागेवर धरून ठेवते. ते नसले की औषध रक्तात लवकर पोचते. शिवाय ओठ आणि जीभ दोन-तीन तास बधिर राहतातच, म्हणजे ज्या फायद्यासाठी हे निवडले तो फायदाही थोडाच मिळतो. एड्रेनालिन टाळण्याचे खरे वैद्यकीय कारण नसेल, तर मी १ लाखात १ भाग किंवा ८० हजारांत १ भाग एड्रेनालिन असलेले लिडोकेनच घेते.

आर्टिकेन हे भुलीचे आणखी एक औषध ४ टक्के द्रावणाच्या रूपात येते. ते हाडातून चांगले झिरपते आणि त्याचे विघटन मुख्यतः रक्तातच होत असल्याने शरीरातून लवकर निघून जाते. कमाल मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम धरली जाते, मुलांच्या बाबतीत अनेक जण ५ मिलिग्रॅमवरच थांबतात आणि मीही तसेच करते. चार वर्षांखालील मुलांसाठी उत्पादकांनी त्याची शिफारस केलेली नाही. द्रावण दुप्पट तीव्र असते, हे सिरिंज हातात असताना विसरू नये: १५ किलोच्या मुलाला ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ७५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन मिलिलिटरही नाहीत.

दुसरी पायरी: सुई टोचण्यापूर्वीची काही मिनिटे

आधी हिरडीची ती जागा कापसाने कोरडी करावी, कारण लाळेवर लावलेली बधिर करणारी जेल जिभेवर आणि घशात उतरते. मग घसा बधिर झाला की मूल घाबरते. कापसाच्या टोकावर अगदी थोडी जेल घेऊन ती एक ते दोन मिनिटे तशीच धरावी. जेलचा परिणाम पृष्ठभागापासून फक्त दोन-तीन मिलिमीटर आत होतो, तेव्हा तिने सुईचे टोचणे कमी होते, पुढचा दाब नाही. लिडोकेनची जेल वापरली तर तीही एकूण हिशेबात धरावी. काही जेलमध्ये असणाऱ्या बेंझोकेनमुळे मेथेमोग्लोबिनेमिया, म्हणजे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटणे, ही विरळा पण गंभीर अवस्था होऊ शकते, म्हणून दोन वर्षांखालील बालकांना ते लावू नये. स्प्रेने किती औषध गेले ते कळत नाही, त्यामुळे मुलांसाठी स्प्रे टाळलेला बरा.

जेल धरलेली असतानाच बोलणे सुरू ठेवावे. 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य कधीही उच्चारू नये. ते खोटे ठरले की पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा मुलाचा विश्वास उडतो. 'आता दाताला झोपवायचे औषध देणार आहे, थोडे चिमटल्यासारखे वाटेल, मी दहा मोजेपर्यंत तू पायाचे अंगठे हलवत राहा,' असे सांगता येते, आणि ते खरे असते. सिरिंज मुलाच्या हनुवटीखालून, सहायकाने मुलाच्या नजरेच्या रेषेबाहेरून हातात द्यावी. सहायकाचा हात मुलाच्या हातांवर हलकासा, न दाबता, आधीपासूनच असावा. ऐनवेळी धावत आलेला हात मुलाला पकडल्यासारखा वाटतो.

टोचताना गाल किंवा ओठ ताणून धरावा आणि सुईवर ओठ आणावा, म्हणजे ताणलेल्या त्वचेत टोक सहज शिरते. शिरल्यावर एक-दोन थेंब सोडून थांबावे. नंतर औषध इतके हळू सोडावे की एक मिलिलिटरला किमान एक मिनिट लागेल. मुलांच्या बाबतीत ज्याला आपण 'इंजेक्शन दुखले' म्हणतो ते बहुतेक वेळा वेगाने ढकललेल्या औषधाने ताणलेल्या ऊतींचे दुखणे असते. महागडी उपकरणे घेण्याआधी प्रत्येकाने घड्याळ लावून आपला वेग एकदा तपासावा.

वरचा जबडा

वरच्या जबड्याचे बाहेरचे हाड मुलांमध्ये पातळ आणि सच्छिद्र असल्याने इन्फिल्ट्रेशन तेथे जवळजवळ नेहमी पुरते. सुई मुळाच्या टोकाजवळ, गाल आणि हिरडी मिळतात त्या घडीत टोचावी. दुधाच्या दातांची मुळे आखूड असतात, म्हणून मोठ्यांच्या सवयीने खोलवर शिरू नये. काही मिलिमीटर पुरेत. अर्धा ते एक मिलिलिटर औषध सोडावे. अडचण येते ती दुसऱ्या दुधाच्या दाढेला आणि पहिल्या कायमच्या दाढेला, कारण गालाच्या हाडाचा जाड भाग तेथे मुळांवर आडवा येतो. अशा वेळी दाढेच्या मागच्या बाजूला आणखी थोडे औषध द्यावे.

दात काढायचा असेल तर टाळूकडची बाजूही बधिर करावी लागते, आणि टाळूचे इंजेक्शन हे मुलांना सर्वांत जास्त दुखते, कारण तेथील त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते व औषधाला पसरायला जागाच नसते. थेट टाळूवर सुई टोचण्याऐवजी मी दोन टप्प्यांत जाते. बाहेरची भूल चढली की सुई दोन दातांमधल्या हिरडीच्या त्रिकोणात, गालाच्या बाजूने, आडवी घालावी आणि थेंबाथेंबाने औषध सोडत टाळूच्या दिशेने न्यावी. बारकाईने पाहिले तर गुलाबी हिरडी आधी त्रिकोणाच्या टोकाला फिकी पडते, मग तो पांढरेपणा दातांच्या फटीतून पलीकडे सरकतो आणि टाळूच्या बाजूला नाण्याएवढा ठिपका उमटतो. त्या पांढऱ्या ठिपक्यातून उरलेले औषध दिले, तर बहुतेक मुले पापणीही हलवत नाहीत. पांढरेपणा पलीकडे येण्याआधी टाळूला हात लावण्याची घाई करू नये.

खालचा जबडा: ब्लॉक की इन्फिल्ट्रेशन

येथे खरी निवड असते. निवडीसाठी एक सोपा ठोकताळा चांगला उपयोगी पडतो. मधल्या रेषेपासून दुधाच्या दातांना एक ते पाच असे क्रमांक द्यावेत, म्हणजे सुळा तिसरा, पहिली दाढ चौथी, दुसरी दाढ पाचवी. हा क्रमांक मुलाच्या वयात मिळवावा. बेरीज १० किंवा त्याहून कमी आली तर इन्फिल्ट्रेशन पुरण्याची शक्यता जास्त. १० च्या वर गेली तर ब्लॉकची तयारी ठेवावी. पाच वर्षांच्या मुलाची पहिली दाढ: ५ आणि ४ मिळून ९, इन्फिल्ट्रेशन चालेल. सात वर्षांच्या मुलाची दुसरी दाढ: ७ आणि ५ मिळून १२, ब्लॉक द्यावा. कारण साधे आहे: वय वाढते तसे खालच्या जबड्याचे बाहेरचे हाड घट्ट होत जाते, आणि मागे जावे तसे ते जाड होते. हा ठोकताळा लिडोकेन धरून आहे. चार वर्षांवरील मुलांत आर्टिकेनने इन्फिल्ट्रेशन केले, तर दाढ भरण्याच्या कामात अनेक वेळा ते ब्लॉकच्या तोडीस तोड उतरते. दात काढायचा असेल किंवा दाढेची नस उघडायची असेल, तेव्हा मात्र मी त्यावर पूर्ण भिस्त ठेवत नाही.

ब्लॉक द्यायचा ठरला, तर त्याची शरीररचना मोठ्यांसारखी नसते हे आधी मनात पक्के करावे. खालच्या जबड्याची नस ज्या छिद्रातून आत शिरते, ते लहान मुलांमध्ये दाढांच्या चावण्याच्या पातळीच्या खाली असते आणि वयाबरोबर वर सरकत जाते. मोठ्यांच्या उंचीवर सुई टोचली की औषध छिद्राच्या बरेच वर पडते आणि भूल चढत नाही. मग दुसरे इंजेक्शन, मग तिसरे, आणि मात्रेचा हिशेब कोलमडतो.

कृती अशी. अंगठा जबड्याच्या उभ्या हाडाच्या पुढच्या खोलगट कडेवर ठेवावा आणि उरलेल्या बोटांनी जबडा बाहेरून आधार देऊन धरावा. मुलाने अचानक डोके हलवले तरी हात जबड्याबरोबरच हलतो. सिरिंज विरुद्ध बाजूच्या दोन दुधाच्या दाढांच्या वरून आणावी. लहान मुलात सुई चावण्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली टोचावी, सहा-सात वर्षांपुढे पातळीच्या थोडी वर. सुमारे १५ मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागते. हाड लागले की एक मिलिमीटर मागे यावे, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येते का ते पाहावे, आणि मगच औषध सोडावे. या जागी सुई रक्तवाहिनीत शिरण्याचे प्रमाण तोंडातील इतर इंजेक्शनांपेक्षा जास्त असते, म्हणून ही तपासणी एकदाही चुकवू नये. सुमारे एक मिलिलिटर नसेजवळ द्यावे, सुई निम्मी बाहेर आल्यावर थोडे जिभेच्या नसेसाठी सोडावे, आणि दाढ काढायची असेल किंवा क्लॅम्प (दाताभोवतीचा रबराचा पडदा धरून ठेवणारा चिमटा) लावायचा असेल तर गालाच्या बाजूला वेगळे ०.३ मिलिलिटर द्यावे. सुई २७ गेजची घ्यावी. ३० गेजची बारीक सुई मुलाला कमी दुखते असे खात्रीने सांगता येत नाही. आतल्या आत वाकते मात्र नक्की, आणि ब्लॉक देताना सुई तुटल्याच्या नोंदींत तीच जास्त आढळते. सुई मुळापर्यंत आत घालू नये आणि टोचण्याआधी वाकवू नये.

दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत ब्लॉक देणे लहान मुलांत टाळावे. जीभ आणि ओठ दोन्हीकडून बधिर झालेले मूल घाबरते, लाळ सांडते आणि स्वतःला चावते.

दात आणि हाड यांच्या फटीतले इंजेक्शन

दात व हाड यांमधल्या बंधात प्रत्येक मुळामागे सुमारे ०.२ मिलिलिटर औषध दाबाने देण्याच्या या पद्धतीत ओठ बधिर होत नाही, औषध अगदी थोडे लागते आणि भूल लगेच चढते. ऐकायला ही मुलांसाठी आदर्श वाटते, पण दुधाच्या दाताखाली कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो, आणि दाबाने दिलेले औषध तेथवर पोचून कायमच्या दाताच्या कवचात दोष निर्माण झाल्याचे माकडांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून मी दुधाच्या दाताला ही पद्धत पहिली म्हणून कधीच निवडत नाही. ब्लॉक देऊनही उरलेली थोडी संवेदना घालवण्यापुरती, किंवा तो दात काढायचाच असेल तेव्हा, ती ठीक आहे. पू झालेल्या दाताला ती देऊ नये. जंतू रक्तात शिरत असल्याने हृदयाच्या अस्तराच्या संसर्गाचा धोका असलेल्या मुलांतही ती टाळावी.

यंत्रे आणि बिनसुईची साधने

संगणकाच्या मदतीने ठरावीक, अतिशय संथ वेगाने औषध सोडणारे पहिले यंत्र १९९७ च्या सुमारास आले. त्याचा हातात धरायचा भाग पेनसारखा असतो, त्यामुळे सिरिंज पाहून घाबरणारे मूल कधी कधी शांत राहते. टाळूवरील इंजेक्शनसाठी ते खरोखर उपयोगी आहे: टाळूच्या एका जागेतून पुढच्या आणि मधल्या दातांना भूल देता येते आणि वरचा ओठ मोकळा राहतो. वेदना कमी होते का, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. त्याचा मुख्य गुण म्हणजे वेगावरचा ताबा, आणि तो ताबा सरावाने साध्या सिरिंजनेही बराच साधतो. दाबाने औषधाचा फवारा हिरडीत मारणारे बिनसुईचे साधन वरवरच्या कामाला चालते. त्याचा अचानक येणारा आवाज आणि औषधाची कडू चव मुलांना आवडत नाही आणि दाढेच्या नसेपर्यंत पुरेशी भूल त्याने मिळत नाही.

भूल चढली की नाही, हे कसे ओळखावे

ब्लॉकनंतर तीन ते पाच मिनिटे थांबावे. 'बधिर झाले का?' असे विचारून उपयोग नाही, कारण लहान मुलाला हा शब्दच कळत नाही. 'ओठ जाड झालाय का, गाल फुग्यासारखा वाटतोय का?' असे विचारावे आणि बोलता बोलता टोकदार उपकरणाने हिरडीचा काठ हलकेच दाबून पाहावा. ओठ जड झाला म्हणजे दात बधिर झाला असे नाही. काम सुरू केल्यावर मुलाचे डोळे पाहावेत: पापण्या घट्ट मिटणे, डोळ्यांत पाणी येणे, मुठी आवळणे ही खरी वेदनेची चिन्हे आहेत. काही मुले मात्र वेदनेने नव्हे, तर अनोळखी जडपणामुळे रडतात; त्यांना आरसा दाखवून ओठ जागेवरच आहे हे दिसू दिले की बरीचशी शांत होतात. वेदनेची शंका आली तर काम थांबवावे, हिशेबात किती मिलिग्रॅम उरले आहेत ते पाहावे आणि मगच पुन्हा द्यावे. संसर्गाची सूज असलेल्या जागी ऊती आम्लधर्मी झाल्याने औषध नीट काम करत नाही, तेथे जास्त औषध ओतण्यापेक्षा सुजेपासून दूर ब्लॉक देणे बरे.

मात्रा जास्त झाल्यास मूल आधी अस्वस्थ, बडबडे होते किंवा उलट अचानक पेंगू लागते, कानात आवाज येत असल्याचे सांगते, स्नायू थरथरतात आणि पुढे झटके येऊन श्वास मंदावू शकतो. पेंगणाऱ्या मुलाला 'किती शहाणे आहे' म्हणून सोडून देऊ नये. काम थांबवून श्वासमार्ग मोकळा ठेवावा, ऑक्सिजन द्यावा आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

घरी जाताना

एकदा माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी उपचाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. खालचा ओठ दुप्पट सुजलेला, आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर. आईला वाटले पू झाला, दाढ बिघडली. प्रत्यक्षात घरी जाताना गाडीत ती बधिर ओठ चघळत बसली होती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिच्या आईला मी लेखी सूचना दिल्या होत्या, पण तोंडी एक वाक्य नीट समजावून सांगितले नव्हते, ही माझी चूक. तेव्हापासून मी मुलाला निरोप देण्याआधी पालकांना ओठाला स्वतः बोट लावून पाहायला सांगते आणि भूल कधी उतरेल ती वेळ मुलाच्या हातावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिते.

लिडोकेनच्या ब्लॉकनंतर ओठ आणि जीभ तीन ते पाच तास बधिर राहू शकतात. तोवर चावून खाण्याचे पदार्थ आणि गरम काही देऊ नये, पाणी किंवा गार पेय चालेल, आणि मुलाला झोपू देण्यापूर्वी ओठ दातांखाली नाही ना ते पाहावे. अगदी लहान किंवा न समजणाऱ्या मुलाच्या दातांमध्ये, पालक शेजारी बसलेले असताना, कापसाची गुंडाळी ठेवता येते. भूल लवकर उतरवणारे फेन्टोलामिन हे औषध अमेरिकेत २००८ पासून मान्य आहे. त्याने ओठ पूर्ववत होण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो, पण त्यासाठी आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते, म्हणून मी ते चावण्याचा धोका खरोखर मोठा असलेल्या मुलांपुरतेच योग्य मानते.

ओठ चावला गेलाच, तर पांढरा थर ओरबाडू नये. तो पू नसून जखम भरताना येणारा थर असतो. ओठावर पेट्रोलियम जेली लावावी, कोमट मिठाच्या पाण्याने हळूच धुवावे आणि दुखल्यास वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. जखम एक-दोन आठवड्यांत भरून येते आणि बहुधा अँटिबायोटिक लागत नाही. सूज दोन-तीन दिवसांनंतरही वाढत असेल, ताप आला किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी मुलाला दाखवायला आणावे.